वन्संनी बदललेला डिफरन्शियल

माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, कुणी ‘हे तुम्हाला जमायचं नाही’ म्हटलं की आम्ही घरातले कपाळाला हात लावतो. कारण ते काम होणार हे ठरलेलं, आणि बहुधा आमच्याच दारात.

वन्सं बावीस वर्षं एका गॅरेजात गिअरबॉक्स उघडायचं-जोडायचं काम करत होत्या. लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. हौस एकच, जुनी छोटी गाडी घेऊन दरवर्षी डोंगरचढणीच्या शर्यतीत उतरायचं. तिथे एकेक गाडी सोडतात आणि माथ्यावर पोचायला लागलेला वेळ मोजतात.

गाडी गुणी, पण इंजिनची ताकद पुढच्या चाकांना. अवघड वळणावर आतल्या बाजूचं चाक हलकं व्हायचं आणि जागच्या जागी भिरभिरायचं. इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलची खोडच ती. जे चाक घसरतंय त्यालाच सगळी ताकद, आणि ज्याची पकड आहे ते उपाशी. म्हणून वन्संनी लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आणला. त्यातले तिरके गिअर घसरणाऱ्या चाकाला आवरतात आणि जोर दुसऱ्याकडे वळवतात.

गॅरेजच्या फोरमननं तो हातात घेऊन तोलला. “पुढच्या चाकांच्या गाडीत हा बसवलात तर स्टिअरिंग हिसडे मारेल. बाईमाणसाच्या मनगटाचं काम नाही. आणि माझ्या शेडमध्ये तर नाहीच.”

“तुमची शेड तुम्हाला लखलाभ,” वन्सं म्हणाल्या. शनिवारी सकाळी गाडी आमच्या दारात उभी.

गिअरबॉक्स उतरवताना माझ्या नवऱ्यानं, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावानं, जॅक धरला. त्याची मदत तेवढीच. वन्संनी गिअरबॉक्सची दोन शकलं केली, जुना डिफरन्शियल काढला, त्यावरचं मोठं दातेरी चाक नव्यावर चढवलं आणि नवे बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले. बेअरिंगं दाबून बसवायला प्रेस हवा, तो फोरमनकडे.

“अगं, तुझा ओव्हन रिकामा आहे का?”

“आहे, पण वन्सं...”

“मग पण कशाला?”

बेअरिंगं माझ्या ओव्हनमध्ये तापून फुगली. डिफरन्शियल फ्रीजरमध्ये मटारांच्या शेजारी गारठून आकसला. मग बेअरिंगं नुसत्या हातानं सरकून जागेवर बसली. ओव्हनला आठवडाभर ग्रीसचा वास येत होता, ते सोडा.

गाडी जोडून मारलेल्या पहिल्याच फेरीत गिअरबॉक्स बारीक आवाजात रडायला लागला. “रेडिओ लाव, ऐकू येणार नाही,” नवरा म्हणाला. वन्सं हसल्या नाहीत. बेअरिंगमागच्या पातळ चकतीची जाडी केसभर चुकली होती. म्हणजे सगळं पुन्हा उघडायचं.

“एकदा फोरमनना विचारून तरी बघा,” मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी मुकाट्यानं चहा ठेवायला गेले. दोन दिवसांनी गाडी गप्प झाली.

शर्यतीच्या दिवशी आम्ही तिसऱ्या वळणावर उभे होतो. फोरमनही तिथेच, हाताची घडी घालून. वन्संची गाडी आली. दरवर्षी या जागी टायरचा धूर निघायचा. या वेळी चाकानं रस्ता धरला आणि गाडीचं नाक आत ओढलं गेलं. स्टिअरिंगनं खरंच हिसडे दिले, वन्संची कोपरं थरथरताना आम्हाला दिसली. पण हात सुटले नाहीत.

नंबर चौथा आला. मागच्या वेळेपेक्षा नऊ सेकंद कमी. वन्सं मनगटाला पट्टी बांधत होत्या, तेवढ्यात फोरमन आला.

“सांगितलं होतं ना, मनगट जाईल?”

“दुखतंय. तेवढं तुमचं खरं. पण चाक जागच्या जागी फिरलं का?”

फोरमन इकडेतिकडे बघायला लागला.

“मी विचारतेय. फिरलं का?”

“नाही.”

“मग सोमवारी शेडमध्ये सगळ्यांसमोर हे सांगा.”

सोमवारी तो काही बोलला नाही. दुपारी वन्संनी आपले पाने पेटीत भरले आणि बावीस वर्षांची जागा सोडून बाहेर पडल्या. मला धडकी भरली होती. त्यांना नव्हती, निदान दाखवली तरी नाही.

आता त्यांची स्वतःची शेड आहे. हाच डिफरन्शियल बसवून घ्यायला लांबून लोक येतात. प्रत्येकाला त्या आधीच बजावतात, “स्टिअरिंग ओढेल. धरायची तयारी असेल तरच बसवते.”

परवा एकानं आत डोकावून विचारलं, “मालक कुठे आहेत?”

वन्संनी मान वर केली नाही. “कामात आहेत त्या. बसा जरा.”