बारा महिन्यांचं शेण

इथे अमेरिकेत, बॉथेल गावच्या आमच्या मराठी कंपूत माझ्या धंद्यावरून माझी यथेच्छ टिंगल चालते. बाकी सगळे सॉफ्टवेअरवाले नाहीतर बायोटेकवाले, आणि मी गाईंच्या शेणातून गॅस काढणाऱ्या कंपनीत. कोणाकडे जेवायला गेलो की दारातच स्वागत होतं, "या गोबरगॅस काका, बूट बाहेरच काढा हं." मी पण हसतो. काय करणार? माझी मुलगी तर माझ्या गाडीत बसली की आधी खिडकी खाली करते आणि म्हणते, "डॅड, सीरियसली?"

काम तसं सांगायला सोपं. डेअरीतलं शेण उघड्या तळ्यात साठवतात, त्यातून मिथेन सुटतो आणि हवेत जातो. आम्ही तेच शेण बंद टाकीत घेतो, गॅस धरतो, स्वच्छ करतो आणि पाइपलाइनमध्ये सोडतो. त्यावर बस चालतात, ट्रक चालतात. काम चांगलं आहे, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. माझा राग कामावर नाही. माझ्यावर आहे.

आमच्या घरापासून पाऊण तासावर, नदीकाठच्या सपाट खोऱ्यात, एका म्हाताऱ्या नवराबायकोची डेअरी आहे. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत. शेजारच्या टेकडीवर नवी घरं झाली होती आणि तिथले लोक वासाच्या तक्रारी करून त्या दोघांना भंडावून सोडत होते. त्यातली दोन घरं आमच्या कंपूतल्यांनीच घेतलेली, हे काही मी तिथे बोललो नाही. म्हाताऱ्याला टाकी हवी होती. पण लॅपटॉप घेऊन येणाऱ्या माणसांवर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "गाईंशी कधी संबंध आलाय का तुझा?"

मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलो. दूध सकाळी पिशवीतून येतं, एवढाच माझा गाईशी संबंध. पण मला ते काम मिळवायचं होतं आणि माझी जीभ मुळातच सैल. म्हटलं, "घरी होत्या की. लहानपणी शेण मीच काढायचो." चांगली लोणकढी थाप. म्हातारीचा चेहरा एकदम खुलला. तिने कॉफी ओतली, घरी भाजलेल्या ॲपल-पायचा तुकडा कापून पुढे सरकवला आणि म्हणाली, "तुमच्याकडे गाईला देव मानतात ना? मग तू त्यांचं वाईट नाही होऊ देणार." मी मान डोलावली. ॲपल-पाय फर्मास होता, मी दोनदा घेतला.

मग म्हाताऱ्याने एकच प्रश्न विचारला. त्याच्या गाई हिवाळाभर गोठ्यात राहायच्या, पण एप्रिलपासून पुन्हा थंडी पडेपर्यंत दिवसभर कुरणात चरायच्या. "टाकी आली तरी माझ्या गाई बाहेर जातील ना?"

मी म्हणालो, "जातील की. काही बदलणार नाही."

आता यातली मेख अशी, की कुरणात पडलेलं शेण कुरणातच राहतं. ते टाकीत येत नाही. गोठ्याच्या फरशीवर पडलं तरच ते ओढून नेता येतं. आणि माझ्या लॅपटॉपमधल्या हिशेबात मी बारा महिन्यांचं शेण धरलेलं होतं. सहा महिन्यांचं धरलं असतं तर आमच्या ऑफिसने ती टाकी मंजूरच केली नसती. हे मला त्यांच्या स्वयंपाकघरात, तोंडात ॲपल-पायचा घास असताना, पक्कं माहीत होतं. मनाशी म्हटलं, पुढचं पुढे बघू. ही माझी खोड तशी जुनीच.

कागदांवर सह्या झाल्या. त्या एप्रिलमध्ये म्हातारीचा फोन आला, गाई कुरणात सोडायचा पहिला दिवस आहे, बायकोमुलीला घेऊन ये. आम्ही गेलो. आजूबाजूचे शेतकरी, त्यांची नातवंडं, सगळे कुंपणाला टेकून उभे होते. म्हाताऱ्याने फाटक उघडलं. पाच-सहा महिने गोठ्यात काढलेल्या त्या भल्यामोठ्या गाई आधी दारात थबकल्या, आणि मग काय सांगू, शेपट्या वर करून अशा उधळल्या की शाळा सुटलेली पोरं परवडली. मागचे पाय हवेत झाडत होत्या, एकमेकींना ढुशा देत होत्या. माझी मुलगी, जिला कशाचंच कौतुक नसतं, ती टाळ्या वाजवत होती. म्हातारा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुला हे नवीन नसेल." मी "नाही" म्हटलं.

पुढच्या वर्षी टाकी सुरू झाली. हिवाळाभर गॅस झकास आला. उन्हाळ्यात गाई कुरणात गेल्या आणि टाकी उपाशी पडली. ऑफिसमध्ये मला बोलावणं आलं. मी बिनदिक्कत ईमेल लिहिला, की शेतकऱ्याने करारातलं किमान शेण पुरवलेलं नाही, तरी गाई बाराही महिने गोठ्यात ठेवाव्यात असं कळवावं. करारात ते कलम होतंच. मीच घातलं होतं. कळवायला मी गेलो नाही, दुसऱ्याला पाठवलं. घरी बायकोला हे सगळं सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "थोडक्यात, शेण खाल्लंस." मी तिच्यावर डाफरलो. ती बरोबर बोलत होती म्हणूनच डाफरलो.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये ते फाटक उघडलं नाही. यंदाही नाही. म्हाताऱ्याचा फोन येईल, तो शिव्या घालेल, म्हणून मी कितीतरी दिवस धास्तावून होतो. फोन आलाच नाही. मध्ये एकदा पंप बघायला जावं लागलं, तेव्हा गाई गोठ्याच्या फाटकाकडच्या बाजूला गर्दी करून उभ्या होत्या, तोंडं कुरणाकडे करून. म्हातारा नेहमीसारखाच बोलला. मीही हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि पळ काढला.

यंदा मे महिन्यात पलीकडच्या डेअरीवाल्या बाईंनी टाकीची चौकशी केली. वडिलांच्या मागे एकटीच डेअरी सांभाळते, तिशीची असेल. मी माझी गाडी म्हाताऱ्याच्या अंगणात ठेवली आणि त्याच्या पिकअपमधून तिच्याकडे गेलो, कारण माझ्यासाठी शब्द टाकायला तो आपणहून येणार होता. त्या बाईंच्या टेबलाशी बसल्यावर तो तिला म्हणाला, "वास गेला, कटकट गेली. फक्त गाईंचं काय होणार ते नीट विचारून घे. मी तेव्हा नीट विचारलं नव्हतं, माझी चूक झाली. पण तू विचारलंस तर हा खरं सांगेल. याच्या घरी गाई होत्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "माझ्या गाई कुरणात जातील?"

"जातील की" हे शब्द जिभेवर तयार होते. सवयच होती. पण त्या माणसाने माझं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, आणि तेसुद्धा माझीच बाजू घेण्यासाठी. मला स्वतःची इतकी शरम याआधी कधी वाटली नव्हती.

"नाही जाणार," मी म्हणालो. मग म्हाताऱ्याकडे न बघता म्हणालो, "यांनी नीट विचारलं होतं. मला तेव्हाही माहीत होतं. मी खोटं बोललो. आणि आमच्या घरी गाईही नव्हत्या."

बाईंनी माझे कागद गोळा करून माझ्यापुढे ठेवले. म्हाताऱ्याने टोपी घातली आणि बाहेर जाऊन पिकअप सुरू केली. मला वाटलं, हा आता निघून जाणार. पण तो थांबला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. अंगणात पिकअप थांबवल्यावर स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणाला, "दोन वर्षं बायको मला दोष देतेय. म्हणते, कागद न वाचता सही केलीस आणि गाई कोंडून घातल्यास. मी पण तेच धरून चाललो होतो. तू आत ये आणि हे तिला सांग."

स्वयंपाकघराच्या खिडकीत ती दिसत होती. मला बघून तिने हात हलवला. म्हाताऱ्याच्या शिव्या मी खाल्ल्या असत्या, पण तिच्यासमोर उभं राहायची माझी छाती झाली नाही. मी घड्याळात पाहिलं आणि म्हणालो, "आज उशीर झालाय, पुढच्या आठवड्यात नक्की येतो."

तो "बरं" म्हणाला आणि एकटाच आत गेला. आता ऑक्टोबर लागलाय. मी अजून गेलेलो नाही.