टोपलीसोबतचा फोटो

बांधकामावरून निसटलेल्या लोखंडी पाइपाने बँकॉकच्या फुटपाथवर नूडल्सची गाडी लावणाऱ्या बुआलोयबाईंचा पाय मोडला. मग बांधकाम कंपनीचे साहेब फळांची टोपली, पैशांचं पाकीट आणि फोटोग्राफर घेऊन दवाखान्यात अवतरले. टोपलीसोबत हसरा फोटो निघाला की प्रकरण मिटलं, असा तिथला रिवाज.

"मावशी, जरा हसा की," साहेब म्हणाले.

"माझ्या पायावर सफरचंदं नव्हती पडली, बाळा. भरपाई कोर्टात ठरेल."

"कोर्टात वर्षं जातात हो!"

"जाऊ देत. डॉक्टरांनी पडूनच राहायला सांगितलंय. मला कुठली घाई?"

साहेबांनी टोपली पलंगावर सरकवली. बाईंनी प्लास्टरमधला पाय दोन्ही हातांनी उचलला, टोपलीवर ठेवला आणि फोटोग्राफरला म्हणाल्या, "आता काढ. हसते मी."