दुसरं बोट

मी संशयी आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. दूधवाल्याचं मापसुद्धा मी डोळ्यांत तेल घालून बघते. फ्रीगंजच्या आमच्या ऑफिसात बोटांच्या ठशांचं यंत्र आलं, तेव्हाच माझ्या कपाळावर आठ्या चढल्या.

आम्ही विम्यासाठी दवाखान्यांच्या फायली तपासतो. नव्या व्यवस्थेत समोरच्या कॉम्प्युटरमध्ये काहीच नसणार, सगळं लांबच्या कुठल्यातरी सर्व्हरवर. नाव टाकायचं, बोट टेकवायचं, की आपलं टेबल सगळ्या फायलींसकट पडद्यावर हजर. मग ऑफिसात बसा नाहीतर घरी. "पासवर्ड कोई भी चुरा लेगा मैडम, उंगली कैसे चुराएगा?" ठसे घ्यायला आलेला माणूस म्हणाला. मी मनात म्हटलं, तूच तर घेऊन चाललायस की रे!

दोन बोटं नोंदवायची होती. अंगठा कसाबसा लागला. रविवारी मी भैरवगढला कापडावरची छपाई शिकायला जाते, त्या रंगांनी बोटं पार झिजलेली. तर्जनी काही केल्या लागेना. शेजारच्या टेबलावरची माझी सहकारी उठून आली. वयानं लहान, मला ताई म्हणायची. "थांब ताई, मशीनच बिघडलंय का बघते." तिनं स्वतःचं बोट टेकवलं, हिरवा दिवा लागला, आम्ही हसलो. मागे रांग होती. "हो गया, नेक्स्ट," तो माणूस म्हणाला आणि मी उठले.

पुढे रोज सकाळी तमाशा. तर्जनी तर कधीच लागली नाही. अंगठा पुसा, फुंकर मारा, पुन्हा टेकवा, त्यातच अर्धा तास जायचा. फायली तुंबल्या. मॅनेजरांनी बोलावून सांगितलं, महिनाअखेर ढीग उपसला नाही तर जागा राहणार नाही. यांची नोकरी आधीच सुटलेली, घर माझ्या एकटीच्या पगारावर. 

आणि एका सोमवारी बघते तर ढीग अर्धा! पडद्यावर काम झाल्याची वेळ होती रविवार, दुपारचे तीन. त्या वेळी माझे हात भैरवगढला कोपरापर्यंत रंगात होते. अग बाई, मग माझ्या नावानं कोण बसलं होतं? खोट्या फायली पास झाल्या असत्या तर बेड्या मलाच पडल्या असत्या. काम नीट झालंय का, हे बघायचंही मला सुचलं नाही.

मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. त्यात शेजारच्या टेबलावरची ती चहा घेताना हसून म्हणाली, "आज जरा हलकं वाटतंय ना ताई?" झालं. हिला कसं कळलं? मी तडक तक्रार लिहिली आणि तिचं नाव घालून चौकशीची मागणी केली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. तिच्या माधव नगरच्या घरच्या लॅपटॉपवरून, तिच्याच बोटानं माझं टेबल उघडलं गेलं होतं. नोंदणीच्या दिवशी हिरवा दिवा लागला, तेव्हाच यंत्रानं तिचं बोट माझं दुसरं बोट म्हणून ठेवून घेतलं होतं. "तुझी जागा जाईल म्हणून बसले गं," ती मला म्हणाली. "सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

मी मॅनेजरांपुढे हात जोडले. म्हटलं, फायली बघा, एकही चुकीची निघायची नाही, तक्रार परत घेते. "शिकायत तो आपने ही लिखी है, मैडम. नियम सबके लिए एक है." संध्याकाळपर्यंत तिचं टेबल रिकामं झालं.

रविवारी भैरवगढला न जाता मी माधव नगरला गेले. काय काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं. दार तिनंच उघडलं, मी चपला काढत राहिले. तीच म्हणाली, "ये ना ताई. उरलेल्या फायली झाल्या का गं तुझ्या?"

निम्म्या तशाच पडल्या होत्या. मी हो म्हटलं.