गॅसच आहे रे

माझे काका लिफ्ट दुरुस्त करायचे आणि त्यापायी जन्मभर जिने चढायचे. लिफ्ट बंद पडल्याशिवाय त्यांना बोलावणार कोण? मागे कायम त्यांचा जोडीदार. दोघांची गट्टी अशी, की काकू त्याला सरळ 'माझी सवत' म्हणायची.

पुढे पुढे जिना चढताना काकांची छाती भरून यायला लागली. दुखायचं असं नाही, पण छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायचं, डावा हात आणि जबडा जड व्हायचा. कठड्याला टेकून थांबलं की ओसरायचं. जोडीदार पाचक गोळी पुढे करायचा. "गॅसच आहे रे. मलाही होतो." आमच्याकडे गॅस म्हटलं की विषय मिटतो. काकू डॉक्टरांचं नाव काढायची, तर काका उडवून लावायचे, "तो म्हणतोय ना गॅस आहे!"

एकदा पाचक गोळीने भागेना. काका घामाने निथळत पायरीवरच बसले. तेव्हा जोडीदाराने आतल्या खिशातून वेगळीच बाटली काढली. "जिभेखाली ठेव. गिळू नको." थोड्या वेळाने छाती मोकळी झाली. मग त्यानेच काकांना हॉस्पिटलात नेलं.

झोपवून काढलेला ईसीजी ठीक आला. नंतर सरकत्या पट्ट्यावर चालवलं, तेव्हा आलेख बिघडला.

"हा अंजायना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. श्रम पडले की रक्त पुरत नाही. इतके दिवस अंगावर काढलंत? आणि ती गोळी कुणाची? दुसऱ्याचं औषध असं घेऊ नये."

काकांनी जोडीदाराकडे पाहिलं.

"माझी," तो मान खाली घालून म्हणाला. "मलाही हेच आहे. तू तपासून घेतलं असतंस तर कंपनीने मलाही तपासलं असतं. काम गेलं असतं रे माझं."

म्हणजे याला सगळं माहीत होतं! काकूने त्याला नाही नाही ते ऐकवलं, मीही हात धुऊन घेतले. अजूनही त्याचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

घरी आल्यावर बूट काढता काढता काकांना रडू फुटलं.

"लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी मी खालून ओरडायचो, वीज बंद केलीस का? तो वरून म्हणायचा, केली," ते काकूला म्हणाले. "तेवढ्यावर उतरायचो गं मी. एकदाही स्वतः जाऊन बघितलं नाही."