चिऊचा पिवळा फ्रॉक

हसणार नसाल तरच सांगते. आणि आधी तो चहा खाली ठेवा. मागच्या वेळी ऐकताना शेजारच्या नीताच्या नाकातून बाहेर आला होता.

तर आमच्या चिऊचा पहिला वाढदिवस दणक्यात झाला. केक, फुगे, बॅनर, पुरी-भाजी, सगळं. आणि त्याच आठवड्यात ते फोन सुरू झाले.

पहिला आला दुपारी. मनवेलपाड्यात घरीच मी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-बिडिंग करते. मशीनवरच बसले होते.

"स्वराची मम्मी बोलताय ना?"

"हो. कोण?"

"योजनेच्या ऑफिसातून बोलतोय. पहिला वाढदिवस झालेल्या मुलींना सरकारकडून भेट आहे. बाळाचं आणि तुमचं आधार कार्ड फोटो काढून पाठवा. मग मोबाईलवर एक नंबर येईल, तो मला सांगायचा."

आता स्वरा हे तिचं कागदावरचं नाव. ते ह्याला ठाऊक, वाढदिवस झाला तेही ठाऊक. मला वाटलं, एवढं माहीत आहे म्हणजे सरकारीच असणार! आधार कार्ड काढायला मी कपाट उघडलंसुद्धा. तेवढ्यात तो लाडात येऊन म्हणाला, "आणि आमच्या चिऊला शुभेच्छा सांगा हं!"

चिऊ? ते तर घरातलं नाव! सरकारला चिऊ कुठून कळली?

मी फोन कट केला, कपाट लावलं आणि दाराला कडी घातली.

दुसऱ्या दिवशी कुठलासा फोटो स्टुडिओवाला. "मॅडम, पिवळ्या फ्रॉकमध्ये काय गोड दिसते हो तुमची मुलगी! अल्बम करून घ्या ना."

पिवळा फ्रॉक! तो फ्रॉक त्या वेळी गॅलरीत दोरीवर वाळत होता. धावत जाऊन खाली बघितलं, तर एक कुत्रं तेवढं झोपलेलं. खरं सांगते, मला त्याचाही संशय आला.

संध्याकाळी आमचे हे सातिवलीच्या कारखान्यातून आले.

"अहो, कोणीतरी आपल्या चिऊवर नजर ठेवून आहे."

"तू मोबाईलमध्ये काय दाबलंस?"

"काही नाही दाबलं!"

"एखाद्या ॲपला हो म्हटलं असशील. विचार न करता हो म्हणायची सवयच आहे तुला."

"आहे ना. लग्नातही तसंच म्हटलं होतं!"

ह्यांनी तोंड पाडून सगळी ॲप उडवली. उपयोग शून्य. पुस्तकवाला झाला, विमावाला झाला. मग एका नर्सरीची बाई म्हणाली, "तुमच्या बी विंगच्या खालीच आमची व्हॅन थांबेल."

विंगसुद्धा!

झालं. मी खिडक्या लावल्या, वर चादरी बांधल्या. चिऊला दाराबाहेर नेणं बंद. ती पोर चादरीला धरून बाहेरचं बघायला रडायची आणि तिला कडेवर घेऊन मी रडायची. उचलून नेली कोणी तर? सुचत म्हणून काही नव्हतं. एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्या.

मग डोकं लावलं. परकं माणूस घरात येतं कोण? अर्नाळ्याची लीलामावशी. टोपली दारात ठेवते, चिऊला मांडीवर घेते, मग मासळी दाखवते. धरलंच मी तिला.

"मावशी, खरं सांग. चिऊचं नाव, वाढदिवस तू कोणाला सांगितलास?"

"मी कोनाला सांगनार गो? अख्ख्या नाक्याला ठाव हाय!"

"नाक्याला?"

"मंग! नाक्यावर रोज दिसते ना ती माला. काल तर कावला बसला होता तिच्या डोक्यावर!"

अहो, चिऊ आठ दिवस घराबाहेर पडलेली नव्हती! मग नाक्यावर ही कोणाला बघते? आणि कावळा? मी चिऊकडे बघितलं. चिऊ घरातच, बिस्कीट चोखत. डोक्यावर काही नाही.

मावशी पुढे काहीतरी सांगत होती, पण ऐकतंय कोण! चिऊला काखोटीला मारलं आणि धावत नाक्यावरची पोलीस चौकी गाठली. आत एक हवालदार मॅडम होत्या.

"बसा. नाव काय?"

"नाव कशाला?"

"तक्रार लिहायला."

"मॅडम, अनोळखी माणसाला माहिती द्यायची नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

"अहो, पण मी पोलीस आहे!"

"फोनवरचा तोही सरकारीच होता."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. चिऊकडे बघितलं. माझ्या पाठीमागच्या खिडकीतून बाहेर बघितलं. परत चिऊकडे बघितलं.

"स्वरा. घरातलं नाव चिऊ. बी विंग, रूम नंबर दोनशे चार. फॉल-बिडिंग करून मिळेल. बरोबर?"

मी मटकन बाकावर बसले. "अगं बाई! माझी माहिती पोलिसांपर्यंतसुद्धा गेली?"

"ताई, जरा मागे वळा."

वळले. समोर विजेच्या खांबावर सहा फुटांची चिऊ. पिवळ्या फ्रॉकमध्ये. 'आमची चिऊ एक वर्षाची झाली!' आणि तिच्या डोक्यावर, बॅनरच्या काठावर, कावळा.

माझाच बॅनर हो! आमच्याकडे वाढदिवसाला सगळेच लावतात. म्हटलं, लावतोच आहोत तर कामाची जाहिरातही होऊन जाईल, म्हणून पत्ता आणि मोबाईल मीच घालायला लावला. वर बॅनरवाल्याशी भांडले, "नंबर मोठा कर रे, रिक्षातून जाणाऱ्यालाही दिसला पाहिजे!" आणि आता त्याच खांबाखालून धावत आले होते.

"आधार कार्ड पाठवलंत?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मोबाईलवर आलेला नंबर कोणाला सांगितलात?"

"नाही."

"मग वाचलात. त्या पहिल्या माणसाचा नंबर लिहून द्या मला. आणि तो बॅनर आजच उतरवा."

ह्यांनी संध्याकाळी तो उतरवून आणला. चांगलं जाड प्लास्टिक, टाकवेना. गॅलरीत कोणी डोकावायला नको म्हणून मी ते कठड्याला घट्ट बांधून टाकलं. आतून कसं पांढरंशुभ्र, स्वच्छ. चिऊ आठ दिवसांनी मोकळेपणाने गॅलरीत रांगली. माझा जीव भांड्यात पडला.

सकाळी खालून लीलामावशीची हाक आली. माफी मागायचीच होती, म्हणून मी कठड्यावरून वाकले. मावशी टोपली डोक्यावर घेऊन, मान वर करून, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी ओरडली,

"गो पोरी! नाक्यावरून काढलास न घरालाच लावलास? आता तर पत्ता पन शोधाला नको!"