बरं हाय

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. तिला आधी एका डोळ्यानं दिसेनासं झालं, मग पाय लटपटू लागले. एकोणीसशे सत्तरचं दशक होतं. आमचं वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी जवळच्याच अनसिंग गावच्या शाळेत शिकवायची आणि ती माझ्याजवळ राहायची. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं. गावात ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. करणी म्हणणारे मात्र पुष्कळ निघाले.

डॉक्टर एका औषधाची चाचणी घेत होते. निम्म्या रोग्यांना औषधाची सुई, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते शेवटीच कळणार होतं. मग मिठाच्या पाण्यावाल्यांपैकी ज्यांना फरक पडला नाही त्यांना खरं औषध मिळणार होतं. सुई गावच्या नर्सबाई द्यायच्या. दर रविवारी बाईला विचारून उत्तर कागदावर लिहायचं काम माझं.

"कसं वाटते, बाई?"

"बरं हाय."

आमच्याकडे तापानं फणफणलेला माणूसही विचारणाऱ्याला असंच म्हणतो. ती नुसती रीत. हे मला ठाऊक होतं, पण मी पडले मास्तरीण; सांगितलं तेच लिहायचं, हा माझा खाक्या. तिची वेणी घालायची, तिला हातानं भरवायचं आणि मग सुवाच्य अक्षरात लिहायचं, 'बरं'.

नागपूरच्या शेवटच्या तपासणीत बाई भिंत धरून, ओठ दाबून दहा पावलं चालली आणि डॉक्टरांनी विचारल्यावर त्यांनाही 'बरं हाय' म्हणाली. डॉक्टर आमच्या भागातले नव्हते. कागद चाळून ते खुशीत म्हणाले, "मिठाच्या पाण्यावरच बऱ्या झालात की. आता तुम्हाला औषध नको."

"साहेब, तसं नाही हो," मी म्हटलं. त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवले. अक्षर माझंच होतं, आणि औषध मिळणाऱ्यांची यादी ठरून गेली होती.

बसच्या पायरीवर बाईचा पाय चढेना. कंडक्टरनं उचलून घेतलं.

"काहून नाई सांगतलं?" मी विचारलं.

"एवढ्या मायेनं इचारते डाक्तर बिचारा. त्याले नाई कसं म्हनू?"

त्या औषधानं गुण आला असता का, मला माहीत नाही. दोन वर्षांनी तिला माझा चेहराही दिसेना. एका रविवारी सवयीनं विचारून गेले, "कसं वाटते?"

"बरं हाय."

त्या दिवशी मी तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.