सरुबाईचा पंजा

खराडीच्या सरुबाईने आयुष्यभर पाचोळा झाडला. आधी स्वतःच्या रानातला, आणि त्याच रानावर आयटीवाल्यांची बारा मजली काचेची इमारत उभी राहिली तेव्हा त्या इमारतीच्या दारातला. नोकरी पोराने, इंद्रजीतनेच लावून दिली; तो तिथला सुपरवायझर. मायलेकरांचा गणवेश एकाच रंगाचा, ऐट मात्र सगळी त्याची!

रानात ओढ्याकाठी बांबूचं बेट होतं. मृगाच्या आधी तिथे नवरंग यायचा. मूठभर पाखरू, हिरवी पाठ, पोटाखाली लालभडक. सावलीत पाचोळा उकरून किडे खायचं. त्याची दोन सुरांची शीळ ऐकल्याशिवाय सरुबाई पेरणीचं बी बाहेर काढत नसे. बांबू गेला, पण पाखराला कोण सांगणार? ते येतच राहिलं. काचेत समोरची झाडं दिसायची आणि ते जीव खाऊन त्यात घुसायचं. धाड! मान मोडायची, काचेवर रक्ताचा ओघळ. त्या जूनमध्ये तीन दिवसांत सात मेले. सातही सरुबाईने सुपलीत भरले आणि दर वेळी काचेला शिव्या हासडल्या.

चौथ्या दिवशी सकाळी तिने बादलीत चुना कालवला. पोळ्याला बैलाच्या पाठीवर उमटवतात तसे हाताचे पंजे काचेवर उठवले, हात पोचेल तिथवर. तासाभरात एक नवरंग आला आणि पंजे पाहून वळला. सरुबाई चक्क नाचली हो!

तेवढ्यात इंद्रजीत धावत आला. "आई, डोकं फिरलं का तुझं? मोठे साहेब येतायत!"

"पाखरं मरत्यात रं. आजचा दिस ऱ्हाऊ दे."

त्याने तिला ढकललं. कपाळ पायरीवर आपटलं, रक्त डोळ्यांत उतरलं. त्याने पाइप लावून काच लख्ख धुतली. आणि धाड! पाखरू त्याच्या पायाशीच पडलं. जिवंत होतं, चोच उघडत होतं. गेटावर हॉर्न वाजला. मेल्याने बुटाचा पाय उचलला आणि पाखराला चिरडलं.

सरुबाई उठली. हात चुन्याच्या बादलीत बुडवला आणि पोटच्या पोराच्या मुस्काटात अशी लगावली, की रखवालदार दोन पावलं मागे सरले. साहेब गाडीतून उतरले तेव्हा इंद्रजीत सलाम ठोकून उभा होता, गालावर पाच पांढरी बोटं घेऊन.

"पूस की आता," सरुबाई म्हणाली, आणि पाखराचं जे काही उरलं होतं ते पदरात घेऊन गेटाबाहेर पडली.